वडवणीची सत्तावीस घोंगडी

वडवणीला जायचं मी ठरवलं नव्हतं, साहेबांनी धाडलं. उदारीकरणाचे दिवस होते. पुण्यातल्या आमच्या कंपनीला तीस घोंगडी परदेशी पाठवायची होती आणि मी नुकताच जपानी गुणवत्तेचा कोर्स करून शेफारलो होतो.

नगर, जामखेड, पाटोदा करत एसटीनं मांजरसुंब्याला उतरवलं, तोवर हाडं खिळखिळी झाली होती. तिथल्या धाब्यावर पिठलं-भाकरी जरूर खा, ठेचा मात्र बेतानं. मी फुशारकी मारली आणि भोगली. पुढे बीडला गाडी बदलून वडवणी. बाजाराचा दिवस असेल तर उभ्यानं जायची तयारी ठेवा.

घोंगड्यांचे दुकानदार आप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग बांधलेले, मोजकं बोलणारे. शेजारी घोंगडी विणणारे मारुतीतात्या धनगर. चहा होताच मी प्रवचन झोडलं, की जपानात साधा कामगारही खोट दिसली की काम थांबवतो. तात्या कान देऊन ऐकत होते. मग मी वरची पाच घोंगडी उलगडून, ताणून बघितली आणि तीसच्या तीस पास करून सही ठोकली.

"सायेब, खालची तीन घेऊ नका," तात्या म्हणाले. "चिंचोक्याची खळ कच्ची राह्यली. धागा सुटंल. आमची म्हातारी गेली त्या दिसांतली हायेत. हात चालत व्हते, मन नव्हतं."

मी चिडलो. "सही झाली आता. नग कमी भरले तर ऑर्डर जाईल तुमची. गप्प बसा."

"आत्ता तुमीच सांगितलं ना थांबवायचं म्हनून?" आप्पा शांतपणे म्हणाले. "आमच्यात कामाला कायक म्हन्तेत, पूजाच हाय ती. मन न्हाई ते देवाला चालत न्हाई, मग गिऱ्हाइकाला कावून द्यायचं?"

लई लाज वाटली, त्यांच्याच भाषेत सांगायचं तर. तीसवर काट मारून सत्तावीस लिहिलं.

"तीस म्हणजे तीस," पुण्यात साहेब म्हणाले. मी भांडलो, नोकरीत पहिल्यांदाच. उपयोग शून्य. ऑर्डर एका ब्लँकेटच्या गिरणीला गेली. आप्पांना तसं कळवताना पत्र तीनदा फाडलं.

महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. पाऊसपाणी, ख्यालीखुशाली, आणि खाली एक ओळ: 'तात्या इचारतेत, त्या दिवशी मधीच बोललो, सायबांला राग तर न्हाई ना आला?'

गुणवत्तेवर पुढं मी पुष्कळ भाषणं दिली. त्या कार्डाला उत्तर मात्र अजून दिलेलं नाही.