अर्कावरचा तवंग

बायको जाऊन आठ महिने झाले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा सरळच लिहितो. तिच्या हाताचा गुण गेला असं गाव बोललं, ते माझ्यामुळं. हे तिला मी कधी सांगितलं नाही.

साठ सालाच्या मागंपुढं आम्ही निमोण्यात राहत होतो. ती ओव्याचा अर्क काढायची. पातेल्यात ओवा आन् पाणी, मधे विटेच्या तुकड्यावर रिकामी वाटी, वर खोलगट ताट, ताटात गार पाणी. कडा कणकेनं लिंपायच्या. वाफ ताटाला लागून थेंब थेंब वाटीत पडायची. कुणाचं शिळ्यापाक्यानं पोट बिघडलं की बाया आमच्या दारात. शेजारची चाची म्हणायची, "वैनी, दवाखान्याचं नको, तुमच्या हातचा एक चमचा द्या." मी भाकरीची वाट बघत बसलेलो, आन् ही चमचा घेऊन दारात.

"दवाखान्याची पाटी लाव घरावर," मी करवादायचो.

"लावते की. कंपाउंडर तुमी व्हा."

जत्रेच्या आधी तिनं अर्क काढला आन् मला म्हणाली, "अहो, गार झाला की तेवढा बाटलीत भरून ठेवा, मी धुणं घेऊन जाते." ताट उचललं, तर वाटीत पाण्यावर तेलाचा तवंग. मला वाटलं, राकेलच हे. आदल्या दिवशी त्याच वाटीनं मी चिमणीत राकेल ओतलं होतं. तिनं वाटी घासली असणार, हे डोक्यात आलं नाही. वास घ्यावा, तर तंबाखूनं नाक मेलेलं. तिची बोलणी कोण खाणार? कापसाच्या बोळ्यानं सगळा तवंग टिपला, बोळा चुलीत टाकला, खालचं पाणी हिरव्या बाटलीत भरलं. हिरव्या काचेतून तिला काय दिसणार?

जत्रेचं उरलेलं मटण दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्लं. उन्हाळ्याचे दिवस. आमची सहा वर्षांची पोर संध्याकाळपासून ओकायला लागली, मग जुलाब. तिच्या आईनं अर्काचा चमच्यामागं चमचा दिला. सकाळी पोरीचे डोळे खोल गेले. गुळाचा एक ट्रक दौंडला निघाला होता, त्यात बसून गेलो.

डॉक्टरानं आधी सलाईन लावलं, मग बोलला. बायको बाहेर नळावर पोरीचे कपडे धूत होती. त्यानं आम्ही सोबत आणलेली अर्काची बाटली हुंगली, पांढऱ्या वाटीत थोडं ओतून बघितलं.

"तेल कुठंय यातलं?"

मी बाटलीचं बूच बोटांत फिरवत राहिलो.

"अहो, जंतूंना मारायची ताकद त्या तेलात असते. हे तर नुसतं वासाचं पाणी. अन् तेल असतं तरी एवढ्यावर भागलं नसतं. अंगातलं पाणी गेलं होतं, कालच आणायची."

पोर वाचली. मी मनाशी म्हणालो, तेलानं भागलंच नसतं, मग सांगायचं कशाला?

गावात माझी भावजय चारचौघींत म्हणाली, "लोकाच्या पोरांना गुण, आन् सोताच्या पोरीला दौंड. हात उतरला बाईचा." मी तिथंच होतो. तंबाखू मळत होतो. बायकोनं ऐकलं, घरी आली, पातेलं घासून माळ्यावर टाकलं. चाची दारात आली तर म्हणाली, "दौंडला जा चाची, माझ्यात काय ऱ्हायलं न्हाई." आन् मी? मला भाकरी वेळेवर मिळायला लागली. खरं तेच लिहितो, बरं वाटलं मला.

शेवटच्या दुखण्यात ती आपले हात वरखाली करून बघायची. एकदा म्हणाली, "ह्यात कवा काय व्हतं का वो? का लोकं उगंच म्हणायची?"

"व्हतं."

"मग पोरीच्या वक्ताला काय झालं?"

सांगायला तेवढीच वेळ होती. मी म्हणालो, "गप पड आता." तिसऱ्या दिवशी गेली.

पोर आता सणसवाडीत असते, सुना आल्या तिला. आईच्या अर्काच्या नादात आपण मरता मरता वाचलो, असं सुनांना हसत सांगते. तिला वाचता येतं. हा कागद तिच्याच हातात देणार आहे.