पिंपामागचा डबा

मुलीच्या मुलाखतीला अकराची वेळ दिली होती. लॅपटॉपवर, घरातूनच बोलायचं होतं. याआधीची मुलाखत मध्येच तुटली होती. पुन्हा लागेपर्यंत पलीकडचे लोक उठून गेले, आणि मग त्यांनी काही कळवलंच नाही. पदवी होऊन आठ महिने झाले होते. ही कंपनी पवईची, आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरून तशी जवळ.

"आई, आज नेट गेलं तर वाट लागली माझी," केस विंचरताना ती म्हणाली. नेटचा डबा, मुलगी त्याला राउटर म्हणते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात का लागला, ते फक्त मला माहीत होतं.

आमच्या गल्लीत मोबाईलला रेंज नाही. बोलायचं तर पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून वायफाय घेतलं. सोय खरंच झाली. एकच वायर घरात आली, आणि मुलगी माळ्यावर, हे खाटेवर, मी गॅसपाशी, ज्याचा त्याचा फोन जिथल्या तिथे चालू लागला. गावची बहीण मला रोज दिसू लागली.

पण बसवायला माणूस आला तेव्हा घरात मी एकटी. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही. तो म्हणाला, "ताई, बाहेरच्या खोलीत उंचावर लावतो, सगळीकडे पोचेल." त्यासाठी खाट सरकवावी लागणार, तो तासभर थांबणार. वायर तर खिडकीतून स्वयंपाकघरातच आली होती. मी पाण्याच्या पिंपामागचं स्टूल दाखवलं.

"इथे? बघा हं. हे दिवे हिरवे असले की डब्यापर्यंत नेट आलं. पुढे ते रेडिओसारखं हवेतून जातं. भिंतीत कमी होतं. लोखंड, पाणी तर त्याला अडवतंच. पाण्यापासून लांब ठेवा."

मी मान हलवली. डबा भिजू नये असं म्हणतोय, असं मला वाटलं. तो गेल्यावर मी डब्यावर प्लास्टिक टाकलं.

"कुठे कोपऱ्यात लावलंय त्या मूर्खाने!" मुलगी संध्याकाळी म्हणाली. मी कणीक मळत राहिले.

नेट संध्याकाळी बरं चालायचं, सकाळी रडायचं. "सकाळी सगळी गल्ली वापरते ना," ती म्हणायची. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिने मैत्रिणीशी बोलून पाहिलं, तर झकास चाललं.

अकराला ती बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली. मध्ये प्लायवूडचं, छताला न टेकणारं पार्टिशन. आत मी, गॅसवर डाळीचा कुकर. लॅपटॉपवरून कंपनीच्या एक बाई बोलत होत्या. पाच मिनिटं बरी गेली. मग आवाज तुटायला लागला.

"तुम्ही कॉलेजमध्ये... हॅलो? तुमचा चेहरा थांबलाय. आपण असं करू, नंतर कधीतरी..."

"नाही मॅडम, दोन मिनिटं, प्लीज. येईल आता."

तो आवाज मी ओळखते. रडण्याआधीचा आहे.

मी पिंपामागे वाकले. दिवे सगळे हिरवे. म्हणजे डब्यापर्यंत येतंय, तिच्यापर्यंत जात नाही. मध्ये काय आहे? पिंप. पण पिंप तर कालही होतं. मग कळलं. काल संध्याकाळी ते रिकामं होतं. आज सहाला पाणी आलं आणि मी ते काठोकाठ भरलं. रोजच भरते मी.

भरलेलं पिंप माझ्याने हलणार नव्हतं, आणि उपसलं तर आवाज. मी डब्यावरचं प्लास्टिक काढलं, डबा उचलला आणि त्याच स्टुलावर चढले. प्लगची वायर ताणली. ती निसटली असती तर सगळं बंद पडून पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं. बोट बोट करत डबा वर नेला आणि पार्टिशनच्या वरून दोन्ही हातांनी बाहेर धरला. मुलीने वर पाहिलं. तिला माझे हात दिसले असतील. तिने लगेच नजर खाली घेतली.

"हां, आता नीट दिसताय," बाई म्हणाल्या.

मग प्रश्न सुरू झाले. माझे हात भरून आले. आणि कुकरची शिट्टी हलायला लागली. ती वाजली असती तर बाहेर काही ऐकू आलं नसतं.

तेवढ्यात खिडकीत शेजारीण. "पाणी भरलंस गं? आणि ही कसली पालखी धरलीस वर?"

मी डोळ्यांनीच कुकर दाखवला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून हात घातला आणि गॅस बंद केला. जाताना पुटपुटली, "येडी झाली ही."

बाईंनी थँक्यू म्हटल्यावर मुलगी आत आली. माझे हात खालीच येईनात. तिनेच डबा घेतला.

"अगं, काय करत होतीस?"

"पिंप भरलेलं आहे. पाण्यातून ते जात नाही."

"मग त्या माणसाला लावतानाच कळायला नको?"

"कळलं होतं त्याला. बाहेर लावतो म्हणाला. मीच इथे दाखवलं."

तिने डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मागची मुलाखतपण सकाळीच होती, आई."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस लांब वायर घेऊन आला. त्याने विचारण्याआधी मी म्हटलं, "बाहेर लावा. उंचावर." खाटही मीच सरकवली. तो दीड तास थांबला. त्याला चहा दिला.

चौथ्या दिवशी पिंप भरत होते, तेव्हा मुलगी फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. पवईला बोलावलं होतं, शेवटच्या मुलाखतीला, समोरासमोर.

"डबा धरायला येणार का गं?" तिने विचारलं.

त्या दिवसानंतर माझ्याशी ती पहिल्यांदाच हसून बोलली होती. मी नळ चालूच ठेवला, तिच्याकडे न बघता हो म्हणून मान हलवली आणि पिंप वाहायला लागलं.