खडीमशीनच्या चढावरचा गिअर

चढाच्या ऐन मध्यावर माझा धाकटा भाऊ किसन सायकल उलटी करून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता आणि गिअरमध्ये तुरीची काडी घालत होता. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, तोंड राखेसारखं. सकाळपासून त्याच्या छातीत दुखत होतं. रिसोडच्या डॉक्टरकडे जायला तो सायकलनं पुढे निघाला होता आणि मी मागून जीपनं. दवाखान्याच्या दारात भेटायचं ठरलं होतं. जीपवाल्यानं त्याला पाहून गाडी थांबवली.

"काका, बसा. सायकल टपावर टाकतो."

"टपावर गिअर वाकते," किसन मान वर न करता म्हणाला. "तुमी व्हा पुढे."

"घाम पाह्यला का तुमचा?"

"चढ हाये. घाम येईनच."

मी आतूनच म्हटलं, "किसन, मुकाट्यानं गाडीत बस. सायकल काई मरत नाही." तो म्हणाला, "जराशीक थांब ना बाई." लहानपणापासून तो मला बाईच म्हणायचा. गाडीतले लोक चुळबुळ करू लागले. ड्रायव्हरनं मला विचारलं, "काकू, बसता का उतरता?" मी उतरले. जीप गेली.

आता महिना होत आला. भेटायला येणारे सांगतात, नशीबवान माणूस, कोणाकडून सेवा करून घेतली नाही, चालता-फिरता गेला. चालता-फिरता कुठे गेला... बसून, हाताला काळं वंगण फासून गेला. पण घरी आलेल्या माणसाला तसं बोलता येत नाही, म्हणून मी चहा देते आणि इथे लिहिते.

किसनची गावात पिठाची गिरणी होती. गिरणीचा पट्टा घसरला तर आधी मोटर बंद करायची, मग पट्टा चढवायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. किसन चालू पट्टा हातानं सरकवायचा. त्यात एकदा बोटाचं पेर गेलं. दुसरा कोणी शहाणा झाला असता. हा दळणाला आलेल्या बायकांना ते बोट दाखवून सांगायचा, "पेर गेलं, पन दयन थांबू देल्लं नाही." बायका हसायच्या आणि याला वाटायचं कौतुक झालं. त्याची बायको बिचारी जन्मभर त्याच्यामागे "बंद करा, बंद करा" म्हणत राहिली आणि त्याच्या आधी गेली. माझे मालक वारले तेव्हा तो बैलगाडी घेऊन माझ्या सासरी आला, काही न विचारता माझी भांडी गाडीत भरली आणि म्हणाला, "चाल." तेव्हापासून आमची घरं शेजारी आणि चूल एक. तेवढं एक काम त्यानं विचार न करता केलं आणि ते बरोबर निघालं. त्यामुळे बाकीचीही तशीच करायची त्याला सवय लागली.

गिअरची सायकल त्याच्या पोरानं, प्रकाशनं पुण्याहून पाठवली. बापाचं वजन कमी व्हावं, एवढाच हेतू. किसननं काय केलं, तर आधी तिला वेल्डिंग करून कॅरिअर लावलं, कारण कॅरिअर नसलेली सायकल त्याला नागडी वाटायची. मग गिअरला बैलगाडीच्या चाकाचं वंगण चोपडलं. आमच्या रस्त्यांवर धूळ किती, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आठ दिवसांत ते वंगण आणि धूळ मिळून काळं पिठलं झालं, आणि चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर जाताना अशी कडकडायची की कोंबड्या पळायच्या. हँडलवर आकडे होते. तार सैल झाल्यावर आकडा तीन दाखवायचा आणि चेन भलतीकडेच असायची. किसनचा विश्वास आकड्यावर. पायाला जड लागत असलं तरी म्हणायचा, "तीनच हाये, पाह्य ना."

प्रकाश फोनवर समजावायचा, "बाबा, चढ लागायच्या आधी गिअर बदला. पाय हलका ठेवा, मग बदला."

किसन म्हणायचा, "चढ लागल्याबिगर मले कसं समजीन, चढ लागला म्हणून?"

मी दळण निवडत ऐकत होते. म्हटलं, "समोर दिसत नाही का तुले? डोये गिरणीत देले का दयाले?" तो हसला. चढावर पेडलवर उभा राहून, सगळा भार टाकून तो गिअर ओढायचा. भरल्या गाडीचे बैल चढावर असताना कोणी जू सोडतं का? बाजाराला जाताना कितीदा तरी चेन निसटून त्याची नडगी फुटली. परत आला की हळद लावायला माझ्याकडे, आणि गिअरची तारीफ चौकात.

दसऱ्याला सगळेच गाड्यांची पूजा करतात. किसननं हँडलला झेंडूचा हार घातला तिथवर ठीक होतं. मागच्या चाकाजवळ गिअरची दोन लहान चाकं लोंबतात, दुसरा हार त्यानं तिथे गुंडाळला. म्हणाला, खरं काम तर हेच करते, याले काहून उपाशी ठेवाचं? मी दुसऱ्या दिवशीच म्हटलं, "काढ तो हार, चाकात जाईल." तर म्हणे पूजेचा हार हातानं काढत नसतात, आपोआप गळू द्यायचा. छातीत पहिल्यांदा दुखलं तेही त्याच सुमारास. त्यालाही त्यानं तेच औषध केलं. जाईल आपोआप.

त्या दिवशी सकाळी तो भिंतीला धरून उभा दिसला, तेव्हा मी जीपचं नाव काढलं. "जीपनं गेलो तं डॉक्टर म्हनीन लय बिमार हाये," असं म्हणून त्यानं सायकल काढली. मी हँडल धरलं. त्यानं माझा हात बाजूला केला, जोर लावून, आणि निघाला. त्याच जोरावर तो खडीमशीनच्या चढाच्या मध्यापर्यंत आला. तिथे नेहमीसारखा उभं राहून त्यानं गिअर ओढला, हाराचा दोरा त्या लहान चाकांत गेला आणि सायकल जागेवर ठप्प झाली.

जीप गेल्यावर तो मला म्हणाला, "पेडल फिरव." मी पेडल हातानं फिरवलं, कारण लवकर झालं तर लवकर निघू, एवढंच डोक्यात होतं. तो काडीनं दोरा ओढत होता. पाकळ्या, वंगण, दोरा... सगळं लगदा होऊन बाहेर आलं. चेन मोकळी झाली. चाक सुर्रकन फिरलं. किसन त्या फिरत्या चाकाकडे बघत राहिला. "पाह्य आता कशी पयते," म्हणाला आणि उठायला गेला. उठलाच नाही. कडेला टेकला, मान माझ्या खांद्यावर आली. मी हाक मारली, गालावर मारलं. रस्ता रिकामा होता.

नंतर सोयाबीनचा ट्रॅक्टर आला. पोत्यांवर त्याला निजवलं. श्वास आहे की नाही हे मी अजून बघतच होते, तेवढ्यात कोणीतरी ती सायकलही उचलून त्याच्या पायाशी ठेवली. टपावर वाकणारी सायकल पोत्यांवर नीट बसली. रिसोडच्या डॉक्टरनं हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

प्रकाश म्हणतो कंपनीवर केस करू, गिअर खराब निघाला. मी त्याला सांगितलं, गिअर सुधारला होता, मी स्वतः चाक फिरताना पाहिलं. चेन लागली होती. गाडी थांबली होती, दार उघडं होतं, जागा होती, न्यायला माणूस तयार होता. किसन बसला नाही. हे सगळं सांगायला त्या चढावर शेवटपर्यंत असलेलं दुसरं कोणी नाही. आम्ही दोघं होतो, त्यातला तो साठीचा, माझ्यापेक्षा लहान. मी सत्तरीची, गुडघे गेलेली, एका डोळ्यानं कमी दिसणारी. मी जगले.