आप्पा मगदुमांची वजावट

दोन वेगळ्या काळांतल्या थोर खेळाडूंची तुलना करू नये, असं फार थोर लोकांनी सांगून ठेवलेलं आहे. आप्पा मगदूम ती रोज सकाळी नऊ वाजता करत. चहा आणि दोन भाकऱ्या पोटात गेल्याशिवाय मात्र करत नसत.

आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, शाहूपुरीत माझे घरमालक होते. सरकारी मोजणीदार म्हणून त्यांनी जिल्ह्यातली निम्मी शेतं साखळीनं मोजली आणि निवृत्त झाले. मी आजऱ्याहून कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेलो. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "पावणं, जगातला सगळ्यात थोर बॅट्समन कोण?" एवढंच विचारलं. खोली हवी होती म्हणून मी देशातला कुणीही घेईल तेच नाव घ्यायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"नाव न्हाय घ्यायचं. नाव घेतलं की लोक मोजायचं सोडून आरती म्हणाय लागत्यात. त्येच्या डोस्क्यावर हेल्मेट हुतं का न्हवतं, एवढंच सांगा."

"होतं."

"मग वजावट."

खोली मला मिळाली.

ही वजावट म्हणजे आप्पांचं आयुष्याचं काम. एका जाड वहीत त्यांनी सत्तर-ऐंशी वर्षांतले फलंदाज मांडले होते, एकाचंही नाव न लिहिता. 'उघड्या डोक्याचा', 'मिशीवाला', 'हेल्मेटवाला धाकटा' अशा खुणा होत्या. हेल्मेट असेल तर धावांचा दहावा भाग कमी. बॅट जड असेल, सीमारेषेची दोरी आत ओढलेली असेल, खेळपट्टी पावसात झाकलेली असेल, तर आणखी कमी. उलट ओल्या खेळपट्टीवर खेळला असेल, बोटीनं महिनाभर हेलकावे खात परदेशी गेला असेल, तर भर. टीव्हीवर माजी खेळाडू कोट घालून याच विषयावर चर्चा करायला बसले की आप्पा आवाज बंद करून नुसती तोंडं बघत. "कोट घालून मोजता आलं असतं, तर आमचा साहेब जगातला पयला मोजणीदार झाला असता," असं म्हणत. हा साहेब बांधावरसुद्धा बूट काढायला लागू नये म्हणून गाडीतून उतरत नसे.

सगळी वजावट आणि सगळी भर झाल्यावर वहीत पहिला येई तो दिनकर. एवढं एकच खरं नाव त्या वहीत होतं. दिनकर राधानगरीकडचा, म्हशी राखणारा. तरुणपणी तो आणि आप्पा एकाच क्लबातून खेळले होते.

"हा किती टेस्ट खेळला, आप्पा?"

"एकबी न्हाय."

"राज्याकडून?"

"न्हाय."

"मग पहिला कसा?"

"म्हणून तर वजावट काढाय लागली की मास्तर!"

मी हसलो. त्यांनी वही मिटली आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दिनकरला सर्वांत मोठी भर मिळाली होती ती मॅटची. त्या काळी आमच्याकडचे सामने काथ्याच्या मॅटवर होत. कडक जमिनीवर मॅट ताणायची आणि कडेनं लांब लोखंडी खिळे ठोकायचे. ताणलेली असली तर चेंडू इमानानं येतो. सैल असली तर तिला सुरकुती पडते आणि चेंडू कुठं जाईल ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. खिळे ठोकायचं काम यजमान क्लबाच्या बाराव्या खेळाडूचं.

पुढं एका दुपारी आप्पांनी आपणहून सांगितलं. निवड समितीचे एक बडे गृहस्थ दिनकरचा खेळ बघायला यायचे होते. बारावे खेळाडू आप्पाच होते. एका टोकाचे खिळे ठोकून झाले, इतक्यात मैदानात पांढरी मोटार शिरली. कुणीतरी ओरडलं, हार आणा. आप्पा हातोडी टाकून पळाले. हार घातला, नारळ दिला, गृहस्थांनी हार काढून ड्रायव्हरकडं दिला. या गडबडीत दुसरं टोक तसंच राहिलं आणि ते आप्पांना आठवलं तेव्हा दिनकर तिसऱ्या चेंडूवर बोल्ड होऊन परत येत होता. गृहस्थ चहा पिऊन गेले. दिनकर गावाकडं गेला आणि पुन्हा बॅट घेऊन आला नाही.

"सांगितलंत दिनकरना?"

"सांगायचं हुतं," आप्पा म्हणाले. "दर साली सांगायचं हुतं."

मला ती वही तेव्हा कळली. जगभरच्या थोरांना एवढं छाटायचं कारण एकच होतं. हातून गेलेला एक माणूस कुठंतरी पहिला लागायला हवा होता.

गेल्या साली दिनकरच्या बायकोचा फोन आला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. वाटभर आप्पा खिडकीतून भातखाचरं बघत होते आणि ओठ हलवत होते, काही पाठ करत असल्यासारखे.

दिनकर सोप्यात खाटेवर होता. अंगात काही उरलेलं नव्हतं, मनगटं तेवढी रुंद होती.

"काय रं भूपाल्या, अजून मोजतोस का लोकांची शेतं?"

"दिन्या, एक सांगाय आलोय." आप्पा उभेच होते. "त्या दिवशी मॅट सैल हुती. खिळं मी ठोकायचं हुतं. हार घालाय पळालो."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. दिनकरनं बराच वेळ श्वास गोळा केला.

"खुळा का काय तू? पंचानं ठोकून घेतलतं की खिळं. मॅट हुती चांगली. चेंडू सरळ आलता."

"मग?"

"मीबी मोटारच बघत हुतो." तो हसला आणि हसण्यातून खोकला सुरू झाला. "च्या घे. निवतोय."

मला वाटलं, सुटले आप्पा. परतीच्या एसटीत मी तसं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडं, हद्द चुकीची दाखवणाऱ्या शेतकऱ्याकडं बघावं तसं बघितलं.

"मास्तर, दिन्या क्रीजवर उभा ऱ्हायला की शेजारी वीज पडली तरी मान वळवायचा न्हाय. मोटारीकडं बघंल व्हय?"

"म्हणजे ते खोटं बोलले?"

"खोटं बोलला असंल तर माझ्यासाठी बोलला. मग चूक माझीच. आन् खरं बोलला असंल," ते थांबले, "तर मी सुटलो. पर मग दिन्या काय हुता? मोटार बघून सरळ चेंडू सोडणारा. तसलं गल्लीत धा सापडत्यात."

त्यानंतर नऊ वाजताची बैठक बंद झाली. वही टेबलावर असे, पण ते ती उघडत नसत. जेवण कमी झालं. मी एकदा मुद्दाम हेल्मेटवाल्या धाकट्याची बाजू घेऊन भांडण उकरून काढलं. "आसंल," म्हणाले. आप्पांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला भीती वाटली.

तीन आठवड्यांनी दिनकर गेला. क्लबानं शोकसभा ठेवली. ज्यांनी दिनकरला कधी पाहिलं नव्हतं ते अध्यक्षस्थानी होते. त्यांनी दिनकरची जागतिक कीर्तीच्या चार फलंदाजांशी तुलना केली, चौघांचीही नावं घेऊन, आणि चौघांनाही हरवलं. टाळ्या पडल्या. मग आप्पांना बोलायला सांगितलं. चाळीस वर्षं ते जे वहीत सिद्ध करत होते, ते आता समोरच्या लोकांना आयतंच मान्य होतं. मला वाटलं, वहीसकट उभे राहतील. ते मोकळ्या हातांनी उठले.

"मॅट सैल हुती," ते म्हणाले. "खिळं ठोकायचं काम माझं हुतं. मी ठोकलं न्हाईत. दिन्याची काय चूक न्हवती."

आणि खाली बसले. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं समजून लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आप्पांचा चेहरा हद्दीचा दगड रोवून झाल्यासारखा शांत होता. त्यांनी काय निवडलं आणि ते किती जड होतं, हे त्या मांडवात आणखी कुणाला कळलं नाही. पावसाळा सरता सरता आप्पाही गेले.

त्या दिवशी सभेच्या शेवटी अध्यक्षांनी दिनकरच्या आत्म्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मांडववाल्याला पुढं साखरपुडा होता, त्यामुळं पाऊण मिनिटात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली.