टेपवरचा खोकला
व्हिनेगरची बाटली उघडली की मला चंद्रपूरच्या रेडिओ केंद्रातली टेपांची खोली आठवते, कारण जुन्या टेपांना तसाच आंबूस वास यायचा. त्या पार खराब व्हायच्या आत त्यांतला आवाज मी कॉम्प्युटरवर उतरवत होते. एका टेपवर आरमोरीकडच्या बायांचं रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं होतं आणि ऐन कडव्यात कोणीतरी जोरात खोकलं होतं. केंद्राचे साहेब म्हणाले, "तेवढं कापा, गाणं साफ पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, खोकला बी त्याच धानाच्या बांधीतला आहे, राहू द्या." ते चिडले, पण मी हटले नाही. पुढे त्याची सीडी घेऊन आम्ही त्या बायांच्या गावात गेलो. समाजमंदिरासमोर सारं गाव ऐकत बसलं होतं. खोकला आला तशी मागची एक म्हातारी उठून उभी राहिली. "हा तं आमचा बुढा," ती म्हणाली, "आमी रोवू तं बांधीच्या धुऱ्यावर बसून राहे. त्याचा फोटू बी नाई घरी. अजून एक डाव लाव ना, बाई." माझ्याआधी साहेबांचाच हात बटणाकडे गेला. आता ते गाणं इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतं. त्यावर माझं नाव कुठेच नाही, पण खोकला आहे, आणि तो मी राखलाय.