दवाखाना म्हटलं की पुरे

मंडळी, आज संध्याकाळी घडलेलं सांगतो.

उद्यमनगरात आमच्या कारखान्यातल्या कामगारांची भिशी आहे, ती मी चालवतो. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला त्या महिन्याची सगळी रक्कम मिळते. कुणाला मध्येच गरज पडली, तर चारचौघांत कारण सांगून मागायची, ही रीत.

आज पॅकिंगमधल्या एका ताईंनी भिशी मागितली. त्यांना दोन मुलं आहेत. तिसरं नको, म्हणून नवरा-बायकोनं गर्भपाताचं ठरवलंय. हे फक्त माझ्या बायकोला आणि मला माहीत. नाव न घेता इथं लिहायला त्यांची हरकत नाही. भिशीतलं कुणी इथं वाचायला येत नाही.

सगळ्यांसमोर त्या एवढंच म्हणाल्या, "दवाखान्यासाठी पायजेत."

एक वेल्डर, त्याला बापू म्हणू, हसत म्हणाला, "कसला दवाखाना? सांगायची रीत हाय की."

ताईंनी मान खाली घातली.

मी म्हटलं, "बापू, दिवाळीत तूबी दवाखान्यासाठीच उचलली होतीस. कुठं दुखतंय, ते तुला कुणी विचारलं का?"

बापूची मूळव्याध सगळ्यांना ठाऊक. सगळे हसले, शेवटी तोही. "द्या की त्यांना," म्हणाला, "माझं काय न्हाय."

माझी शाळा आठवीत सुटली, पण गर्भपाताचा कायदा मी स्वतः बसून वाचलाय. मान्यताप्राप्त डॉक्टरकडे, नियमात बसून केला तर तो गुन्हा नाही. आणि चारचौघांत कारण सांगायची अट त्यात कुठंही नाही. आजपासून आमच्या भिशीतही नाही.

तुमच्या भिशीत दवाखान्यासाठी पैसे मागणाऱ्या बाईला कारण विचारतात का? आणि पुरुषाला?