घरवालीसाठी चाकू

वामनभाऊंच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी चाकू निघायचा. पँटच्या उजव्या खिशातून निघायचा आणि खट्‌कन उघडायचा. नवखा पाहुणा असला तर तो हळूच दाराकडे पाहायचा. तेवढ्यात वामनभाऊ टोपलीतला पेरू उचलून त्याच्या फोडी करायचे आणि समोर ठेवायचे. "खा ना, काऊन भिऊन राह्यले? मी फक्त पेरूलेच मारतो." माझी बदली अहेरीच्या शाळेत झाली तेव्हा मीही असाच दाराकडे पाहिलं होतं. ते त्यांनी मला पुढे बारा वर्षं, येईल त्या माणसासमोर, नकलेसकट ऐकवलं.

वनरक्षक म्हणून त्यांची सारी नोकरी जंगलात गेली. चाकू तेव्हापासूनचा, घडीचा, बोटभर पात्याचा. मूठ त्यांनी स्वतः सागाची बसवलेली. एकदा गस्तीवर मोठ्या साहेबांच्या टाचेत काटा मोडला आणि साहेबांनी जंगल डोक्यावर घेतलं. वामनभाऊंनी त्यांचा पाय मांडीवर ओढला, चाकू उघडला आणि म्हणाले, "आता गप राहा साहेब. ऑफिसात तुमी साहेब. इथी टाच माह्या हातात हाय." काटा निघाला. त्यानंतर साहेबांनी आपल्यावर कधी आवाज चढवला नाही, असं वामनभाऊ सांगायचे. मी निम्मं खरं धरतो.

चाकूला खरं काम मात्र निवृत्तीनंतर लागलं. त्यांच्या पत्नी सिंधुबाई यांच्या जबड्याच्या कॅन्सरचं नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण तोंड एका बोटाहून जास्त उघडेना. सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा आमच्याकडे बाया-माणसं सगळेच चघळतात, आणि सिंधुबाईंना त्याची पुडी रोज संध्याकाळी वामनभाऊच आणून द्यायचे. आता ते त्यांच्यासमोर बसून पपई, सफरचंद, उकडलेला बटाटा कापायचे. इतकं पातळ, की फोडीतून पलीकडची खिडकी दिसावी. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, "भाऊ, एखादी किसणी घ्या ना."

चाकू थांबला. "खर्रा मीच आनत होतो, मास्तर. आता कापनंही माह्यंच काम."

किसणीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

सिंधुबाई चारचौघांत जेवायच्या नाहीत. लग्नाकार्यात तोंडावर पदर घेऊन बसायच्या आणि उपाशी परत यायच्या. परक्या माणसाशी तर बोलायच्याच नाहीत. त्यांची एकच इच्छा होती, समुद्र पाहायचा. म्हणून आम्ही ओळखीच्या दहा जणांनी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजाची सहल ठरवली. पुढारी अर्थात मी. वामनभाऊंनी मला एकच प्रश्न विचारला, "मास्तर, जहाजात चाकू चालते का?"

नियमांचं पत्रक माझ्याकडे होतं. पण अक्षरं बारीक होती आणि चष्मा आतल्या खोलीत होता. "चालते हो! तुमची काय तलवार आहे?"

बंदरावरच्या यंत्राने माझं शास्त्र एका मिनिटात खोटं पाडलं. तपासणीवरच्या मुलीने विचारलं, "ये क्या है?"

"चाकू हाय," वामनभाऊ म्हणाले. खोटं ते कधी बोलत नसत.

"किसलिए?"

"घरवालीसाठी."

त्या मुलीने एकदा सिंधुबाईंकडे पाहिलं, एकदा वामनभाऊंकडे, आणि हात पुढे केला. आता आमच्याकडची रीत अशी की हत्यार हातोहात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. आपण खाली ठेवायचं, समोरच्याने उचलायचं. वामनभाऊ वाकले, चाकू तिच्या पायाशी ठेवला आणि अदबीने दोन पावलं मागे सरले. ती चार पावलं मागे सरली. रांग तर पार भिंतीला जाऊन टेकली! शिट्टी वाजली, वरिष्ठ धावत आले. मी माझ्या अहेरीच्या हिंदीत त्यांना आमच्या रीतीरिवाजांवर व्याख्यान दिलं. अखेर चाकू एका पिशवीत गेला, चिठ्ठी हातात आली. उतरताना परत मिळेल, म्हणाले.

वामनभाऊ चिठ्ठीकडे पाहत उभे राहिले. "मास्तर, तुमी जा. तीन दिवस हे घरवाली काय खाईन? समुद्र इथूनही तोच दिसते."

तेव्हा पदराआडून सिंधुबाईंचा अस्पष्ट आवाज आला, "मी जाऊन राह्यली." आणि त्या जिना चढू लागल्या. वामनभाऊंना मागे जाणं भाग पडलं.

संध्याकाळी जेवणाच्या दालनात गेलो तर प्रत्येक ताटाजवळ एक चकचकीत सुरी! वामनभाऊंनी ती उचलून उलटसुलट पाहिली. "वा रे कायदा! दारात घेतला आन् ताटात देल्ला!" आम्ही हसलो, पण हसू टिकलं नाही. ती सुरी लोणी फासायची. तिने पपईची फोड होईना, लगदा व्हायला लागला. आजूबाजूची माणसं पाहू लागली. सिंधुबाईंनी मान खाली घातली, वाटीभर वरणाचं पाणी घेतलं आणि उठल्या. वामनभाऊ फळांच्या टेबलामागे उभ्या असलेल्या आचाऱ्याकडे गेले, त्याची सुरी मागितली. पाहुण्याच्या हातात सुरी देता येत नाही, तो म्हणाला. कशी कापू सांगा, मी कापून देतो. "तुमाले नाई जमनार," एवढंच बोलून वामनभाऊ परत आले. ते स्वतःही जेवले नाहीत.

वामनभाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. अहेरीत लोक त्यांच्या वाघाच्या गोष्टी सांगतात, मीही सांगतो, थोडी भर घालून. पण एकटा असलो की मला आठवते ती जहाजावरची दुसऱ्या दिवशीची सकाळ.

वामनभाऊ चहा आणायला गेले होते. सिंधुबाई उठल्या आणि सरळ त्या आचाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. करंगळीचं नख दाखवून म्हणाल्या, "एवढी. नखावानी." त्याला पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी पदर खाली केला, तोंड किती उघडतं ते दाखवलं, आणि पुन्हा म्हणाल्या, "नखावानी." पोरगा चांगला होता. पहिल्या चार फोडी त्याने बाजूला टाकल्या. पाचवी सिंधुबाईंनी उजेडाकडे धरून पाहिली आणि मान हलवली.

वामनभाऊ दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन परत आले, तेव्हा त्या खिडकीपाशी बसून पपई खात होत्या. खिडकीबाहेर सगळा समुद्र होता. पदर खांद्यावर होता. वामनभाऊ जागीच थांबले. मी त्यांच्या हातातले कप काढून घेतले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "मले आता काम नाई राह्यलं."

मी कप टेबलावर नेऊन ठेवले.

ते सिंधुबाईंसमोर जाऊन बसले. मग विचारलं, "कसं कापलं त्यानं?"

सिंधुबाईंनी तोंडातली फोड सावकाश संपवली. "तुमच्यापेक्षा जाड हाय," त्या म्हणाल्या. "पन खाता येते. तुमी आता जेवा."

ऑपरेशननंतरची चार वर्षं सिंधुबाईंचं खाऊन झाल्यावर, गार झालेलं अन्न वामनभाऊ चुलीजवळ उभ्याने जेवत. त्या सकाळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, एक पोहे मागवले, आणि दोघं एकाच वेळी जेवले.